गंजत नाही, एवढेच पुरेसे आहे का?

मोटारीचे अंग रंगवलेल्या लोखंडी पत्र्याऐवजी प्लास्टिकचे करावे, म्हणजे गंज नाही, रंगाचा खर्च नाही, वजन कमी आणि पोचा येण्याची भीती नाही, असा एक दावा आपण अधूनमधून वाचतो. विज्ञान प्रदर्शनात ‘भविष्यातील मोटार’ असा तक्ता असला की त्यावर ही चार वाक्ये हमखास असतात. त्यांतले एकही वाक्य सरळसरळ खोटे नाही. म्हणूनच ती तपासून पाहण्यासारखी आहेत. अर्धी खरी असलेली विधाने वर्गात फार काळ टिकतात आणि मुले ती पुढे बाजारात घेऊन जातात. विजेवर चालणारी रिक्षा कर्ज काढून घेणाऱ्या तरुणाला विक्रेता हीच चार वाक्ये ऐकवतो. तेव्हा यांतील कोणते वाक्य किती खरे, हे शाळेत शिकवले जायला हवे असे आम्हाला वाटते.

आमचे उदाहरण मुरगूडचे आहे. कागल तालुक्यातल्या या गावात वेदगंगेच्या काठचा चिखल, चार महिन्यांचा पाऊस, उसाचे ट्रॅक्टर, दुधाची आणि खताची वाहतूक करणारे पिकअप आणि वडापच्या जीपगाड्या हे सगळे एकाच रस्त्यावर भेटते. लोखंडी पत्र्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा कुठली?

रंग नेमके काय करतो?

पहिले विधान गंजाचे. गंज येण्यासाठी लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन या तिघांची गाठ पडावी लागते. पाण्यात क्षार विरघळलेले असतील तर विद्युतप्रवाहाला वाट सोपी होते आणि गंज वेगाने वाढतो. पोटॅशचे खत म्हणजे बहुतांशी पोटॅशियम क्लोराइड. ते सांडलेल्या पिकअपच्या हौद्याला कोपऱ्यांतून भोके का पडतात, याचे उत्तर इथेच आहे.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग पत्रा विद्युतलेपाच्या हौदात बुडवतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि शेवटी पारदर्शक थर देतात. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास भरते. एवढ्याशा थराने आपण लोखंडाला पाण्यापासून दूर ठेवतो. ओरखडा खोल गेला की हा पहारा तुटतो. आता बऱ्याच गाड्यांचा पत्रा जस्तलेपित असतो. तिथे ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. कारण जस्ताचा प्रमाण विद्युतविभव उणे ०.७६ व्होल्ट आणि लोखंडाचा उणे ०.४४ व्होल्ट, इलेक्ट्रॉन देण्याची जस्ताची तयारी अधिक.

म्हणजे प्लास्टिकची तुलना कशाशी करायची, हा पहिला मुद्दा. साध्या रंगवलेल्या पत्र्याशी केली तर प्लास्टिक सहज जिंकते. जस्तलेपित, नीट रंगवलेल्या पत्र्याशी केली तर विजय बराच छोटा होतो. शिवाय प्लास्टिकची म्हणून जी मोटार दाखवली जाते तिचे फक्त बाहेरचे पॅनेल प्लास्टिकचे असते. आतला सांगाडा, म्हणजे धक्का सोसणारा भाग, बहुधा पोलादाचाच असतो. पूर्व जर्मनीची ट्राबांट ही गाडी १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाखांच्या संख्येने तयार झाली. तिची पॅनेले फिनॉल जातीची रेझीन आणि टाकाऊ कापूस यांपासून बनवलेली होती. ती गंजत नसत. मात्र त्यांच्याखालचा पोलादी सांगाडा गंजे, आणि वरून तो दिसतही नसे. रोग झाकला गेला म्हणजे बरा झाला असे नव्हे.

रंग वाचतो का?

दुसरे विधान रंगाचे. यात एक गोष्ट पक्की खरी आहे: मोटारींच्या कारखान्यात सर्वांत जास्त ऊर्जा खाणारा विभाग म्हणजे रंगशाळा. तेव्हा रंगच नको झाला तर ती मोठी बचत ठरेल. परंतु आज रस्त्यावर दिसणारे प्लास्टिकचे बंपर पाहा. बहुतेक गाड्यांवर ते गाडीच्याच रंगात रंगवलेले असतात. पॉलिप्रॉपिलीनच्या गुळगुळीत पृष्ठभागाला रंग सहजी धरत नाही, म्हणून त्यासाठी आणखी एक खास थर द्यावा लागतो. त्यात दुसरी अडचण उष्णतेची. लोखंडी सांगाड्यावरचा विद्युतलेप सुमारे १७० ते १८० अंश सेल्सिअसला भाजून पक्का करतात. एबीएस हे प्लास्टिक १०० अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. म्हणजे ते त्या भट्टीतून सांगाड्याबरोबर जाऊच शकत नाही. त्याला वेगळे रंगवायचे आणि मग दोन ठिकाणचे रंग एकमेकांशी जुळवायचे, असे दुहेरी काम होते.

रंग खरोखर वाचतो तो प्लास्टिकमध्येच रंगद्रव्य मिसळले तर. बंगळूरला २००१ मध्ये आलेल्या ‘रेवा’ या विजेच्या मोटारीने हे केले होते. पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर रंग मिसळलेल्या एबीएसची पॅनेले अशी तिची रचना होती. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाने ही कंपनी ताब्यात घेतली आणि २०१३ मध्ये आलेल्या ‘ई टू ओ’ गाडीतही रंग पॅनेलमध्येच होता. ओरखडा पडला तरी आतून तोच रंग दिसे, हा त्याचा फायदा.

मात्र इथे ऊन मध्ये येते. एबीएसमधल्या ब्युटाडाइन या रबरी घटकात दुहेरी बंध असतात. अतिनील किरण आणि ऑक्सिजन मिळून त्यांवर हल्ला करतात. पृष्ठभाग फिका आणि ठिसूळ होतो. त्याला आवर घालण्यासाठी स्थिरक मिसळावे लागतात किंवा वर ऊन सोसणारा दुसरा थर द्यावा लागतो. काळे, न रंगवलेले बंपर काही वर्षांत राखाडी पांढरे पडलेले आपण रोज पाहतो. पाण्याच्या टाक्या बहुधा काळ्या का असतात, याचेही कारण हेच: काजळी अतिनील किरण शोषते आणि प्लास्टिकला वाचवते. थोडक्यात, लोखंडाचा शत्रू पाणी आणि प्लास्टिकचा शत्रू ऊन. आपल्याकडे दोघेही भरपूर आहेत.

वजनाचा हिशोब

तिसरे विधान वजनाचे. येथे बहुतेक लेखक घनता देऊन थांबतात: पोलाद ७.८, एबीएस १.०५, म्हणजे प्लास्टिक सात पट हलके! ही तुलना चुकीची आहे. पॅनेलकडून आपल्याला हवा असतो ताठरपणा. हाताने दाबले तर ते आत जाऊ नये. पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध यंगच्या गुणांकाच्या पटीत आणि जाडीच्या घनाच्या पटीत वाढतो. पोलादाचा गुणांक सुमारे २१० गिगापास्कल, एबीएसचा सुमारे २.३. गुणोत्तर झाले ९१. त्याचे घनमूळ साधारण ४.५. म्हणजे ०.७ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याइतका ताठरपणा हवा असेल तर एबीएसचे पॅनेल ३.१५ मिलिमीटर जाड करावे लागेल.

आता एक चौरस मीटरचे वजन काढू. पोलाद ५.५ किलो, एबीएस ३.३ किलो. बचत झाली ४० टक्के. ती चांगलीच आहे, पण सात पट नव्हे. याच रीतीने ॲल्युमिनियमचा हिशोब करा. गुणांक ७०, जाडी साधारण १ मिलिमीटर, वजन २.७ किलो. म्हणजे समान ताठरपणासाठी ॲल्युमिनियम प्लास्टिकपेक्षाही हलके ठरते! हे उदाहरण दहावीच्या पुढच्या मुलांना आवर्जून द्यावे. घनमुळाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगले उत्तर नाही.

समजा, एका लहान मोटारीची ८ चौरस मीटर पॅनेले बदलली. वाचले सुमारे १८ किलो. ९०० किलोंच्या गाडीत हे दोन टक्के झाले. त्यातूनही पॅनेले टेकवायला लागणाऱ्या जोडपट्ट्यांचे वजन वजा करायचे. यावरून दिसते की वजन हे प्लास्टिकच्या बाजूचे सर्वांत मोठे कारण नाही.

उष्णतेने होणाऱ्या प्रसरणाची बाबही येथेच सांगतो. थंडीतली सकाळ आणि उन्हाळ्यात उभ्या गाडीचा तापलेला पत्रा यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. एक मीटर लांबीचा पोलादी पत्रा तेवढ्यात ०.६ मिलिमीटर वाढतो. एबीएसचे पॅनेल सुमारे ४ मिलिमीटर. म्हणून दोन प्लास्टिक पॅनेलांमधली फट मोठी ठेवावी लागते, आणि ग्राहकाला ती ‘ढिली जोडणी’ वाटते.

मग ते वापरले कोणी, आणि का?

याचे खरे उत्तर साच्यांच्या खर्चात आहे. लोखंडी पत्रा दाबून आकार द्यायचा तर प्रचंड दाबयंत्रे आणि एकामागून एक असे अनेक साचे लागतात. ते अतिशय महाग असतात. मात्र एकदा झाले की काही सेकंदांत एक पत्रा बाहेर पडतो आणि तो खर्च लाखो गाड्यांवर वाटला जातो. प्लास्टिकचा साचा त्यामानाने स्वस्त, पण प्रत्येक पॅनेलला वेळ जास्त. म्हणून गाड्या थोड्या करायच्या असतील तर प्लास्टिक परवडते आणि पुष्कळ करायच्या असतील तर पोलाद.

इतिहास या नियमाला धरून आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये काचतंतूच्या अंगाची कॉर्व्हेट आली; पहिल्या वर्षी तिच्या केवळ ३०० गाड्या झाल्या. आपल्याकडे १९८२ च्या सुमारास बंगळूरहून आलेली सिपानी डॉल्फिनही काचतंतूचीच, आणि तीही थोड्या संख्येची. रेवाही काही हजारांच्या पुढे गेली नाही. मोठ्या प्रमाणावर हा प्रयोग केला तो अमेरिकेतल्या सॅटर्न या कंपनीने, १९९० पासून. तिच्या पहिल्या गाड्यांचे दरवाजे आणि बाजूची पॅनेले प्लास्टिकची होती. पण छप्पर, बॉनेट आणि डिकीचे झाकण पोलादाचेच होते, ही गोष्ट जाहिरातीपेक्षा बोलकी आहे. पुढे त्याच कंपनीने नव्या गाड्यांत पोलाद स्वीकारले आणि २०१० मध्ये ती बंद झाली. तिच्या बंद होण्याची कारणे अनेक होती. पॅनेलांवर सगळा दोष टाकणे योग्य नाही. मात्र पोलादाकडे परतण्याचा निर्णय त्याआधीच झाला होता.

महिंद्राचेच उदाहरण आणखी जवळचे आहे. ‘ई टू ओ’नंतर २०२३ मध्ये बाजारात आलेली त्यांची विजेची एक्सयूव्ही ४०० पोलादी अंगाची आहे. त्यांची ‘ट्रिओ’ ही विजेची तीनचाकी २०१८ मध्ये आली, ती काचतंतू आणि रेझीन यांच्या दाबून बनवलेल्या पॅनेलांची. ती गंजत नाहीत, त्यांना पोचा येत नाही, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले गेले. २०२४ मध्ये त्याच कुटुंबातल्या ‘ट्रिओ प्लस’ची धातूच्या अंगाची आवृत्ती बाजारात आणली गेली. गंजणारा पत्रा मागणारा ग्राहक अडाणी आहे काय? आम्हाला तसे वाटत नाही. तो एक वेगळा हिशोब करत असतो, आणि तोच हिशोब आपल्या पुस्तकांतून राहून गेला आहे.

पोचा आणि तडा

तो हिशोब दुरुस्तीचा. चौथे विधान होते, पोचा येत नाही. खरे आहे. प्लास्टिकला पोचा येत नाही. एका मर्यादेपर्यंत ते वाकून परत येते आणि त्यापुढे त्याला तडा जातो. लोखंड त्या मर्यादेनंतर कायमचे वाकते, पण अखंड राहते. या गुणाला आपण लवचीक मर्यादा आणि आकार्यता या शब्दांनी शिकवतो. मुरगूडच्या गॅरेजात तोच गुण डेंटरच्या हातोडीखाली रोज काम करत असतो. वाकलेला मडगार्ड आतून टेका देऊन ठोकला, वर पुट्टी भरली, घासला, रंग मारला की गाडी पुन्हा रस्त्यावर येते. यासाठी लागणारी हत्यारे साधी आणि हे कसब गावोगाव आहे.

प्लास्टिकची दुरुस्ती होतच नाही असे नाही. इथे प्लास्टिकच्या दोन जाती वेगळ्या कराव्या लागतात. उष्मामृदू प्लास्टिक, म्हणजे एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलीन, तापवल्यावर मऊ होते. फाटलेला बंपर गरम हत्याराने आणि तारेच्या जाळीने सांधणारे कारागीर आता तालुक्याच्या गावीही आहेत. उष्मादृढ प्लास्टिक, म्हणजे ट्रिओसारख्या पॅनेलातली रेझीन, तापवून मऊ होत नाही. तिथे काचतंतूची चटई, रेझीन आणि हार्डनर घेऊन ठिगळ लावावे लागते. तेही जमते. मात्र घासताना उडणारी काचतंतूची धूळ त्वचेला आणि श्वासाला वाईट, आणि हार्डनर डोळ्यांत गेला तर इजा गंभीर. तोंडाला रुमाल बांधून हे काम करणाऱ्या पोराला कोणी हे सांगितले आहे का? ज्या गावात सुटे पॅनेल मागवायला काही दिवस लागतात, तिथे गाडी उभी राहते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. वडाप चालवणाऱ्याला गंजापेक्षा याची भीती अधिक असते.

शेवटी जाते कुठे?

आणखी एक हिशोब गाडीच्या शेवटानंतर सुरू होतो. कोल्हापूर हे ओतकामाचे शहर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फाउंड्र्यांच्या विद्युतभट्ट्यांत मोटारींच्या पत्र्याची कातरणे गठ्ठे करून टाकली जातात आणि त्यांतून मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे सुटे भाग ओतले जातात. एका गाडीचा पत्रा दुसऱ्या गाडीच्या इंजिनात जातो, तोही याच जिल्ह्यात. जस्तलेपित पत्र्याने भट्टीत जस्ताचा धूर होतो, म्हणून फाउंड्रीवाले त्याला नाक मुरडतात. हा त्याचा दोष मान्य केला पाहिजे. तरीही लोखंडाला परतीची वाट आहे. भंगारवाला त्याला पैसे देतो, हा त्याचा पुरावा.

प्लास्टिकच्या पॅनेलाला अशी वाट किती आहे? उष्मामृदू असेल तर वेगळे काढून, धुऊन, वितळवून पुन्हा वापरता येते; रंगाचे थर आणि मिश्रण मात्र प्रत खाली आणतात. उष्मादृढ असेल तर वितळवणे शक्यच नाही. फार तर दळून भराव म्हणून वापरता येते किंवा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येते. १ एप्रिल २०२५ पासून आपल्या देशात आयुष्य संपलेल्या वाहनांचे नवे नियम लागू झाले. त्यांत उत्पादकांवर परत मिळवण्याची जबाबदारी टाकली आहे, पण लक्ष्य मोजले आहे ते पोलादाच्या वजनात. जे मोजले जात नाही ते ओढ्याच्या काठी जळताना दिसते. एबीएस उघड्यावर जळले की निघणाऱ्या धुरात हायड्रोजन सायनाइडही असू शकतो, हे मुलांना जरूर सांगावे. जाळून प्लास्टिक ओळखण्याचा प्रयोग वर्गात करू नये.

मग प्लास्टिक वाईटच का?

तसे मुळीच नाही. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा क्रोमचा बंपर हलक्या धक्क्यानेही वाकडा होई आणि चकाकी गेली की गंजे. त्याच्या जागी आलेला रबरमिश्रित पॉलिप्रॉपिलीनचा बंपर सर्व दृष्टींनी सरस आहे. चाकावरच्या कमानीत आतून बसवलेले प्लास्टिकचे अस्तरही तसेच: चिखल आणि खडे ते अंगावर घेते, तिथे ऊन पोहोचत नाही आणि त्याला रंगही लागत नाही. क्षार सोसावे लागणारे हौद्याचे अस्तर हीसुद्धा प्लास्टिकची योग्य जागा. जिथे पाणी आहे पण ऊन नाही, धक्का हलका आहे आणि भाग सहज बदलता येतो, तिथे प्लास्टिक घ्यावे. आमची तक्रार प्लास्टिकशी नाही, ‘गंजत नाही’ या एका गुणावर निवाडा देण्याशी आहे.

आपल्या पुस्तकांत क्षरण एका पाठात असते, प्लास्टिकचे प्रकार दुसऱ्या पाठात आणि पर्यावरण तिसऱ्यात. एखाद्या वस्तूला मात्र हे तिन्ही पाठ एकाच वेळी लागू होतात. म्हणून पुढील उपक्रम सुचवतो.

गॅरेजातून फुटक्या पॅनेलांचे आणि बंपरांचे लहान तुकडे आणावेत. धारदार कडा आधी घासून घ्याव्यात. एका भांड्यात साधे पाणी, दुसऱ्यात मिठाचे संपृक्त द्रावण घ्यावे. साधे पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगते. एबीएस पाण्यात बुडते, पण मिठाच्या द्रावणात तरंगते, कारण त्याची घनता सुमारे १.२ असते. काचतंतूचे पॅनेल दोन्हींत बुडते. टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन पाण्यात बुडून फसवू शकते. म्हणून बंपरच्या आतल्या बाजूला ठसा असेल तर तोही वाचावा. त्यात प्लास्टिकचे नाव आणि भरावाचे प्रमाण लिहिलेले असते.

दुसरा उपक्रम काळाचा आहे. रंगवलेल्या साध्या पत्र्याचा आणि जस्तलेपित पत्र्याचा प्रत्येकी एक तुकडा घेऊन खिळ्याने ओरखडा काढावा आणि आठवडाभर मिठाच्या पाण्याने ओला ठेवावा. दोन जातींच्या प्लास्टिकच्या पट्ट्या फेब्रुवारीत शाळेच्या छपरावर ठेवून जूनमध्ये काढाव्यात. निम्मा भाग काळ्या कागदाने झाकलेला असावा.

तिसरा उपक्रम प्रश्नांचा. डेंटर, भंगारवाला आणि रिक्षाचालक या तिघांना मुलांनी एकच प्रश्न विचारावा: तुम्ही कोणते अंग निवडाल, आणि का? उत्तरे वेगवेगळी येतील. ती फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि कोणते उत्तर पदार्थाच्या कोणत्या गुणधर्मावर उभे आहे, ते मुलांनाच शोधू द्यावे.